अठरा काळे हात

जिच्या दारात कुणाला रंग विचारला जात नाही, त्या आदिमायेला प्रथम नमस्कार. आज नवरात्रातील तिसरी माळ. सीवूड्समधल्या आमच्या सोसायटीच्या मंदिरात घट बसले आहेत, आरतीचा आवाज सातव्या मजल्यापर्यंत येतो आहे, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा मी तेथे नाही. का नाही, हे मला समोर येऊन कोणी विचारलेले नाही. आपापसात मात्र सगळे बोलतात. म्हणून मीच लिहिते. माझे वय एकाहत्तर. आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवले, निवृत्त झाल्यावर पौरोहित्य शिकले, आणि या मंदिराचे घट आजवर मीच बसवले.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, दुपारी चार वाजता, सोसायटीच्या हॉलमध्ये चेअरमनसाहेबांनी माझ्यापुढे तांब्याचा गडू ठेवला. पाण्यात गोमूत्र घातलेले होते. वर दर्भाची जुडी.

"काकू, टेन्शन घेऊ नका. पाच मिनिटांचं काम आहे. पडद्यावर जरा मंत्र म्हणून शिंपडून द्या. त्या नायजेरियन बाईचा हात लागलाय ना सगळ्याला."

ती बाई तेथेच उभी होती. माझ्यापासून चार पावलांवर. तिच्या ओठांत दोन टाचण्या धरलेल्या होत्या, हातात दोरा ओवलेली सुई होती. तिने गडूकडे पाहिले, मग माझ्याकडे. टाचण्या तोंडातून काढून तिने एक एक करून कापडाच्या काठाला टोचल्या.  

मी दर्भ उचलला.

पुढचे सांगण्याआधी ती कोण, पडदा कसला, हे सांगितले पाहिजे.

ती नायजेरियाची नाही. तिचे नाव इनेस. वडील मोझांबिकचे, आई पोर्तुगालची, जन्म आणि शिक्षण लिस्बनमध्ये. कापडावर चित्रे काढणे हा तिचा व्यवसाय. चित्र काढून झाले की त्याच रेषांवरून ती सुईने धावदोरा घालते, त्यामुळे रंगवलेल्या चेहऱ्याला खऱ्या सुरकुत्या पडतात. वडिलांच्या आईची नेसायची छापील कापडे आणि आईच्या आईचे लेस लावलेले टेबलक्लॉथ ती एकत्र शिवते. जोड लपवत नाही. जोडावरच जाड दोरा घालते. मी एकदा विचारले, हा जोड एवढा ठळक कशाला? ती म्हणाली, "आजी, वडिलांच्या गावी मला गोरी म्हणतात. आईच्या गावी काळी. मी राहते कुठे, तर या जोडावर. मग तो नीट दिसू दे."

तिच्या आजीची ती छापील कापडे एके काळी आपल्याच किनाऱ्यावरून गलबतांत भरून जात, असे तिने ऐकले होते. म्हणून ती इकडे आली. गोधडीचा टाका शिकायचा म्हणून वर्षभरासाठी आमच्याच मजल्यावर भाड्याने राहिली. भाडेकराराआधी पोलीस-पडताळणी झाली, ती सगळ्यांचीच होते. तिची तीन वेळा झाली. लिफ्टमध्ये ती शिरली की बायका मोबाइलमध्ये पाहू लागत. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, 'आपल्या मजल्यांवर संशयास्पद व्यक्ती दिसल्यास वॉचमनला कळवावे.' नाव कोणाचेच नव्हते. मीही वाचला. खाली नमस्काराचे चिन्ह टाकले. सवयीने.

टाका तिने माझ्याकडून शिकला. दुपारी ती येई, जमिनीवर मांडी घालून बसे, आणि मी तिला माझ्या आईचा टाका दाखवी. मधोमध सुरुवात करायची आणि वळत वळत काठाकडे यायचे. आणि शेवटची जागा बंद करण्याआधी कापडाच्या पोटात घास घालायचा. वाळलेल्या तांदळाच्या भाकरीचा नखाएवढा तुकडा, आणि चिमूटभर सुकट. आई म्हणे, "पोरी, कापराला पन भूक लागते. उपाशी गोधरी पोराला ऊब देत नाय."

इनेसने हे ऐकले आणि सुकटाची चिमूट नाकाशी धरली. मग म्हणाली, "माझी आजीसुद्धा सुकटच घालायची. भाजीत. तोच वास."

येथे मी एक गोष्ट लपवली होती, ती आता लिहिते. ही माझ्या आईची रीत आहे, हे मी इनेसला सांगितले. सोसायटीत कधी कुणाला सांगितले नाही. सोसायटीला माझी आई ठाऊक नव्हती.

आमचे गाव उलव्याच्या बाजूला, खाडीकाठी. वडिलांचे मिठागर. आता त्यावर विमानतळ आहे; गावाचे काय उरले, ते विमानात बसणाऱ्यांना दिसत असेल. अकरा वर्षांची असताना तालुक्याच्या गावी एका शास्त्रीबुवांच्या ओसरीवर स्तोत्रपठणाची स्पर्धा होती. शाळेच्या बाईंनी माझे नाव दिले. मी पाटावर बसले, डोळे मिटले, आणि एकही चूक न करता शेवटपर्यंत म्हटले. शास्त्रीबुवा म्हणाले, "वाणी निर्मळ आहे मुलीची." माझ्या ओंजळीत त्यांनी वरून खडीसाखर टाकली. हाताला हात लागू न देता. मी अंगणाच्या फाटकापाशी पोहोचले नव्हते तोच मागे पाण्याचा आवाज आला. त्यांची बहीण पाटावर पाणी ओतत होती. "मासळीचा वास लाकडात बसतो गं," ती कुणाला तरी सांगत होती. शांतपणे. राग नव्हता तिच्या आवाजात. घर झाडावे तसे.

खडीसाखर मी खाल्ली. ती गोड लागली, हे मला अजून लाजवते.

घरी येऊन आईला सांगितले. ती मीठ भरत होती. फावडे न थांबवता म्हणाली, "ते पानी आपल्यावं नाय वतीत. आपल्या भ्यावानं वततान." मला ते पटले नाही. मला ती अडाणी वाटली. त्या दिवसापासून मी मासळी सोडली. 'आहे'ला 'हाय' म्हणायचे सोडले. 'पानी'चे 'पाणी' केले. अंग घासघासून धुतले. दुसऱ्यांनी माझ्यातले जे नाकारले होते, ते त्यांच्यापेक्षा अधिक निष्ठेने मी नाकारले. आणि त्यालाच संस्कार म्हटले.

पुढे पदवी, शाळेतली नोकरी, देशावरच्या एका मास्तरांशी लग्न. आडनाव बदलले. सोसायटीत राहायला आलो तेव्हा कुणी जात विचारली नाही. त्यांनी माझे उच्चार ऐकले आणि मनाशी ठरवले. मी कधीही खोटे बोलले नाही. कधी दुरुस्तही केले नाही. दरवर्षी घट बसवून झाले की महिला मंडळाची अध्यक्ष शलाका माझ्या पायांवर डोके ठेवी. "काकू, तुमच्या घराण्याचं तेजच वेगळं." मी आशीर्वाद देत असे. अकरा वर्षे दिला.

यंदा देवीच्या मागे फ्लेक्स न लावता हाताने केलेला पडदा लावावा, ही सूचना माझी. इनेसचे नाव मीच सुचवले. मंडळातल्या अठरा बायकांनी एकेक जुनी साडी दिली. देवी अठरा हातांची. इनेसने प्रत्येकीचा हात कापडावर ठेवून त्याभोवती खडूने रेघ मारली. बांगड्यांसकट. मग ते हात रंगवले. लोखंडाचा कीस आणि गूळ मडक्यात वीस दिवस मुरवून तिने काळा रंग केला होता, त्यात थोडा कात. सगळ्या हातांना एकच रंग. खाडीच्या ओल्या चिखलावर ऊन पडल्यावर दिसतो तसा.

पडदा पाहायला बायका जमल्या तेव्हा हसू उसळले.

"अगं बाई, हा माझा हात?" शलाका म्हणाली. "मी काय कोळशाच्या वखारीत कामाला आहे?"

"थांब, तुझ्या सासूला दाखवते. म्हणेल, मुलगी बघताना तर गोरी होती!"

"ए, ब्लीच करून घेऊ या सगळ्या जणी. ग्रुप डिस्काउंट!"

इनेसही हसली. तिला वाटले, आनंदाचे हसू आहे. चेअरमनसाहेबांनी इंग्रजीत विचारले, हात थोडे उजळ करता येतील का. ती मराठीत म्हणाली, "नाही. देवीला सगळे हात सारखे." मोडके मराठी, पण स्वर स्वच्छ. हसू तेथेच थांबले. एकदम. पंखा बंद व्हावा तसे.

त्यानंतर दोन दिवस पडद्याकडे कुणी फिरकले नाही. मला तो शांतपणा बरा वाटला नाही. खाडीचे पाणी चढण्याआधी चिखलातले खेकडे असेच दिसेनासे होतात.

आदल्या दिवशी दुपारी हॉलमध्ये पडदा टांगताना शलाकाच्या बोटांना खालच्या काठात गाठ लागली. तिने कात्री घेतली. मी "अगं, थांब" म्हणेपर्यंत टाका उसवला होता. तळहातावर भाकरीचा तुकडा आणि चिमूटभर सुकट.

वास घ्यायलाही कुणाला वाकावे लागले नाही.

"शी! देवीच्या पडद्यात? मच्छी?" तिने हात झटकला. "चेअरमनसाहेब, हे काय आहे? जादूटोणा करते का ही बाई?"

"हे तुला कुणी शिकवलं?" चेअरमनसाहेबांनी इनेसला विचारले. मग इंग्रजीत. मग पुन्हा मराठीत, मोठ्याने.

चूक माझी होती. अंथरूण-पांघरुणाची रीत आणि देवळाचा पडदा यांत येथले लोक फरक करतील, हे मी तिला सांगितले नव्हते. मला ते सुचलेच नव्हते, कारण आमच्या गावदेवीला सुकटाचा नैवेद्य चालतो. साठ वर्षे घासून धुतलेली मी, आणि नेमक्या त्या एका क्षणी आत आईच बसलेली होती.

इनेसने माझ्याकडे पाहिले. फक्त एकदा. मग जमिनीकडे पाहत म्हणाली, "कुणी नाही. माझं मीच केलं."

तिने मला वाचवले. मी वाचले. 

नवा फ्लेक्स एका दिवसात मिळणार नव्हता. पाहुणे येणार होते, फोटो निघणार होते. तेव्हा शुद्धीचा तोडगा निघाला. तेव्हा गडू आला. आता वाचणाऱ्याला कळले असेल, मी दर्भ उचलला तो कुणाच्या घासावर शिंपडण्यासाठी.

मी शिंपडले. लपवत नाही. ज्या मंत्रांनी मला उभे केले, तेच मंत्र म्हणत मी त्या अठरा हातांवर ते पाणी शिंपडले. उच्चारात एकही चूक झाली नाही. थेंब काळ्या बोटांवरून ओघळले. चेअरमनसाहेबांनी डोळे मिटून हात जोडले होते. शलाका पदराने नाक धरून उभी होती.

इनेस पुढे आली. तिने आपल्या बाहीने एक ओघळ टिपला आणि माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "घाबरू नका आजी. मी कापड हिरड्यात बुडवलंय. पाण्याने रंग जात नाही."

तिला वाटले, मला रंगाची काळजी आहे.

संध्याकाळी मी तिच्या दाराशी गेले. तिने दार उघडले, आत ये म्हटले नाही. "लिस्बनला संग्रहालयात गेले की सुरक्षारक्षक माझ्या मागे मागे चालतो," ती म्हणाली. "माझंच चित्र लावलेल्या दालनात. पण तिथे मला लगेच कळतं, आपलं कोण नाही. आज कळायला उशीर झाला." आवाज चढला नाही. मी काही बोलण्याआधी दार लागले. घरात येऊन मी देवासमोर बसले. एकही स्तोत्र ओठांवर येईना. साठ वर्षांत असे झाले नव्हते. शास्त्रीबुवांच्या बहिणीचा चेहरा आठवण्याचा प्रयत्न केला. आठवेना. मग आरशात पाहिले. तेव्हा आठवला.

घटस्थापनेच्या सकाळी मंदिर भरले होते. माती, सप्तधान्ये, कलश, सगळे मांडलेले. पडदा लागलेला, खालचा काठ उसवलेलाच. इनेसला वर येऊ दिले नव्हते. ती पायऱ्यांखाली, चपलांच्या रॅकपाशी उभी होती. ती का आली होती, मला ठाऊक नाही. कदाचित आपले काम टांगलेले पाहायला. कलाकाराला तेवढा हक्क असतो.

"चला काकू, सुरू करा," चेअरमनसाहेब म्हणाले. "मुहूर्त जातोय. आणि पडद्यावर परत थोडं शिंपडून घ्या, काय? काही जणांचं म्हणणं आहे, एकदा शिंपडून भागत नाही."

पुन्हा तोच गडू.

मी आसनावरून उठले. गडू उचलला, चेअरमनसाहेबांच्या हातात दिला.

"हे सुकट माझ्या आईचं," मी म्हणाले. "रीत तिची. शिकवली मी. इनेसने काल माझ्यासाठी खोटं सांगितलं, आणि मी ते ऐकून घेतलं. मी खाडीकाठची. मिठागरावरच्या बाईची पोर. अकरा वर्षं तुमचे घट याच हातांनी बसलेत. शुद्धी करायची तर तिथून सुरू करा. माझ्या हातून आता कुणावर पाणी शिंपडलं जाणार नाही."

कुणीतरी मोबाइल वर धरला. कुणीतरी "बसा हो काकू, बीपी वाढेल" म्हणाले.

"काकू, तुम्ही पण?" चेअरमनसाहेब एवढेच म्हणाले. फार मोठी फसवणूक झाल्यासारखा चेहरा झाला होता त्यांचा.  गेल्या वर्षी माझ्या पायांना लागलेले हात शलाका पदराला पुसत होती. तिला स्वतःलाही ते कळत नसावे. मी पाहिले.

पडदा मी स्वतः उतरवला. टाचण्या एक एक काढल्या. कुणी अडवले नाही, मदतही केली नाही. इनेस पायऱ्यांखालून वर आली आणि तिने दुसरे टोक धरले. आम्ही दोघी गर्दीतून निघालो तेव्हा वाट आपोआप झाली. आदराने नव्हे. कापड अंगाला लागू नये म्हणून.

घट दुसऱ्या गुरुजींना फोन करून बसवले गेले. दुपारपर्यंत इनेसच्या घरमालकाचा निरोप आला, महिनाअखेर जागा सोडावी. कारण विचारल्यावर ते म्हणाले, "मॅडम, मला काही प्रॉब्लेम नाही, पण सोसायटीचं प्रेशर आहे." काल माझ्या दारावरचे आंब्याचे तोरण कुणीतरी काढून नेले. आज सकाळी लिफ्टचे दार उघडले, आत तिघी होत्या. तिघींनी मोबाइलमध्ये पाहिले. आता मला कळले, त्या मोबाइलमध्ये पाहत काहीच नसतात.

तीन दिवसांनी, रविवारी सकाळी, सर्वसाधारण सभा बोलावली आहे. विषय एकच. 'मंदिराचे पावित्र्य व एका सभासदाचे वर्तन.' चेअरमनसाहेब समजावायला येऊन गेले. "लेखी माफी द्या काकू, मिटवून टाकू. त्या बाईला घालवली की विषय संपला. तुम्हाला इथेच राहायचंय ना या वयात?" ते प्रेमाने बोलत होते. धमकी देतानाही चहा संपवून, कप आत नेऊन ठेवून गेले.

इनेसने मला क्षमा केली का, मी विचारलेले नाही. तो प्रश्न विचारण्याचा अधिकार मला नाही. ती काल माझ्याकडे राहायला आली. सामान थोडेच, कापडांची दोन गाठोडी. आल्या आल्या म्हणाली, "भाडं देणार." मी हो म्हटले. मग आम्ही उसवलेला काठ शिवायला बसलो. पोटात घास घालण्याचे काम तिने माझ्यापुढे सरकवले. माझ्या बोटांना कालपासून सुकटाचा वास येतो आहे. मी हात धुतलेले नाहीत असे नाही. साबण कमी घेतला आहे.

सभेला मी जाणार. माफी लिहिलेली नाही, लिहिणार नाही. तेथे काय बोलायचे ते ठरले आहे. शुद्धीचा एकही विधी या हातांनी यापुढे होणार नाही, कापडाचा नाही, जागेचा नाही, माणसाचा नाही. संस्कृत मी शिकवीन, दार उघडे ठेवून, येईल त्याला, पाट न मांडता, सगळ्यांना एकाच सतरंजीवर. इनेसचा करार संपेपर्यंत ती माझ्या घरी राहील, आणि तिला बाहेर काढायचे असेल तर माझ्या नावाच्या घराचे कुलूप आधी फोडावे लागेल. पडदा माझ्या गॅलरीत, बाहेर तोंड करून टांगलेला आहे. समोरच्या तिन्ही इमारतींतून दिसतो. ज्या अठरा जणींचे ते हात आहेत, त्यांच्या खिडक्यांचे पडदे सध्या ओढलेले आहेत.

ओढलेले राहू देत. मी थांबेन. धीर धरणे मला येते. यापूर्वी मी तो चुकीच्या बाजूने धरला होता.

वाचणाऱ्या सज्जनहो, आपल्या घरी धान्य उणे न पडो, लेकरांची झोप मोडू नये, आजाऱ्यांना उतार पडो. आणि ज्या दिवशी कुणी आपल्या हाती दर्भ देऊन एखाद्या माणसाकडे बोट दाखवील, त्या दिवशी आदिमाया आपला हात तेथल्या तेथे जड करो. माझा तिने केला नव्हता. आपला करो.